माझी पोलादी सवत

मित्रांनो, मला जुनी म्हणा, मी रागावणार नाही. बुटकी म्हणा, तेही खरंच आहे. पण अडगळ म्हणालात तर तुमचं-माझं पटायचं नाही. मी एक लाकडी मांडणी आहे. गाणी वाजवणारी यंत्रं माझ्या अंगावर उभी असतात. गाणं ऐकताना तुम्ही प्लेअरकडे बघता, स्पीकरकडे बघता, रेकॉर्डच्या पाकिटावर छापलेल्या बाईच्या फोटोकडे बघता. माझ्याकडे कोणी म्हणून बघत नाही. बघू नका हवं तर, पण आज जरा माझं ऐका.

माझा जन्म जपानमधल्या हामामात्सु गावातला. त्या काळी इथे घरटी एक माणूस पियानोच्या कारखान्यात असायचा. माझा मालक किकुओ सुगिउराही तिथेच होता. पियानोच्या पोटात एक मोठी फळी असते. तारेचा आवाज तिच्यामुळे घुमतो. ती फळी बोटाच्या पेरांनी ठोकायची, कान लावायचा आणि चांगली की वाईट ते सांगायचं, हे त्याचं काम. कानांवरच त्याचं पोट होतं. पियानोचं बाहेरचं जाडजूड अंग मात्र वेगळ्या लाकडाचं असतं, जड आणि गप्प. फळीने घुमायचं आणि अंगाने गप्प राहायचं, अशी त्या घराण्यातली वाटणी. त्या गप्प लाकडातले उरलेले तुकडे किकुओने साहेबांना विचारून घरी आणले आणि त्यांची मी झाले.

म्हणजे बघा, माझ्या सख्ख्या बहिणी पियानो झाल्या आणि मी मांडणी. त्या मोठमोठ्या सभागृहांत गेल्या. त्यांच्याशेजारी काळे कोट घातलेली माणसं कमरेत वाकतात. माझ्यासमोर माणसं वाकतात ती धूळ पुसायला. तेव्हापासूनच माझ्या पोटात दुखायला लागलं असावं.

किकुओच्या घरात सगळीकडे तातामीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या जाड चटया अंथरलेल्या. चटयांखाली लाकडी तक्तपोशी आणि तिच्याखाली पोकळी. कोणी पाऊल टाकलं की अख्खी खोली हलायची. किकुओची बायको सुमिए चहा घेऊन आली, की प्लेअरची सुई टुणकन उडायची आणि गाणारी बाई पहिल्या ओळीवरून थेट तिसरीवर जायची.

"अगं, जरा मांजरीसारखी चाल ना!" किकुओ म्हणायचा.

"मग मांजरच पाळा. चहाही तिलाच करायला सांगा," सुमिए म्हणायची.

त्या खोलीच्या मधोमध एक चौकोनी खड्डा होता. किकुओची आई तिथे शेगडी बसवून रीतसर चहा करायची. ती गेली आणि शेगडी थंडावली. एका रविवारी किकुओने ती काढून ठेवली आणि त्या खड्ड्यातून, घराखालच्या मातीपासून चटईच्या उंचीपर्यंत, सिमेंटचा खांब उभा केला. खांबाच्या चारी बाजूंना बोटभर फट ठेवली. घराच्या तक्तपोशीला तो कुठेही शिवत नव्हता. त्या खांबावर त्याने मला बसवलं. आता खोलीत कोणी नाचलं तरी मला त्याचं काही नव्हतं. मी घरात होते, पण माझे पाय जमिनीवर होते.

"आईंची शेगडी काढून सिमेंट ओतलंत!" सुमिए कमरेवर हात ठेवून म्हणाली. "न्हाणीघराचं छप्पर गळतंय ते दिसत नाही. या लाकडी बाईसाहेबांच्या पायाला मात्र धक्का लागायला नको."

"ऐक तर आधी," किकुओ म्हणाला आणि त्याने रेकॉर्ड लावली.

संथ गाणी म्हणणाऱ्या बाईची ती रेकॉर्ड होती. ओळ सुरू करण्याआधी ती बाई हलकेच श्वास घ्यायची. तो श्वास त्या दिवशी पहिल्यांदा खोलीत ऐकू आला. सुमिए चटईवर टेकली आणि गाणं संपेपर्यंत उठली नाही. चहा थंड झाला.

मित्रांनो, त्यानंतर मला दागिने मिळाले. दहा येनची जुनी नाणी असतात, कडेला बारीक कातर असलेली. तशी चार नाणी किकुओने शोधून जमवली आणि प्लेअरच्या चार पायांखाली, माझ्या अंगावर ठेवली. म्हणाला, आवाज आता आणखी मोकळा झाला. झाला की नाही कोण जाणे, पण मी मात्र ती नाणी नव्या नवरीसारखी मिरवली. एकदा सुमिएने त्यातलं एक उचललं. रस्त्याकडेच्या टपरीवर संत्री ठेवलेली असतात, विकणारं कोणी नसतं, डब्यात पैसे टाकायचे असतात. तिला सुट्टे कमी पडले होते.

संध्याकाळी किकुओ आला, गाणं लावलं आणि कान टवकारून म्हणाला, "बाई आज एका अंगाला कलंडून गातेय."

"कलंडणार नाही तर काय? तुमच्याकडे बघून गाते ती."

मग खरं काय ते बाहेर आलं. किकुओ सायकल काढून संत्रीवाल्याच्या घरी गेला आणि डबा उघडायला लावून आपलं नाणं घेऊन आला. संत्रं मात्र त्याने सोलून खाल्लं.

असे सुखाचे दिवस होते. सुख होतं, पण कौतुक नव्हतं. किकुओचा दोस्त नोझुए दर रविवारी ऐकायला यायचा. आला की म्हणायचा, "काय प्लेअर आहे रे!" पुढच्या वेळी म्हणायचा, "काय स्पीकर आहेत!" माझ्या डोक्यावर तो बियरचा ग्लास ठेवायचा आणि ओला गोल उमटवून जायचा. प्लेअर वाजत होता ते मी त्याला स्थिर धरला होता म्हणून. पण नाव त्याचं झालं. मी दातओठ खाऊन गप्प बसायचे. गप्प बसणं हेच तर माझं काम होतं.

वर्षं गेली. किकुओ कारखान्यातून निवृत्त झाला. त्याची मुलगी चिनात्सु नागोयाला नोकरीला होती. निवृत्तीची भेट म्हणून ती एक भलामोठा खोका घेऊन आली. खोका उघडला आणि त्यातून ती निघाली. माझी सवत!

अंगाने पोलादाची. उंच, सडपातळ. कप्प्याकप्प्याला जाड काच. पायाला टोकदार खिळे. मी तिच्या गुडघ्याला लागत होते. चिनात्सु म्हणाली, "बाबा, ही खास याच कामासाठी बनवलेली आहे. आता ते लाकडी ठोकळं काढा बरं."

लाकडी ठोकळं! बाळपणी हीच चिनात्सु मला धरून उभं राहायला शिकली होती. माझ्या कडेवर तिच्या पहिल्या दातांच्या खुणा आहेत. असो.

किकुओने सवतीवरून हात फिरवला. मुलीने पहिल्यांदा एवढी मोठी भेट आणली होती, त्याचा ऊर भरून आला होता. तो तिला खांबावर बसवायला निघाला, तेवढ्यात सुमिए आडवी आली.

"एवढी उंच वस्तू खोलीच्या मधोमध? भूकंप आला तर कोणाच्या डोक्यात पडेल? भिंतीला बांधा, नाहीतर परत न्या."

आमच्याकडे यावर वाद होत नाही, मित्रांनो. मोठा भूकंप येणार, येणार, असं इथल्या माणसांनी शाळेपासून ऐकलेलं असतं. कपाटं, फ्रिज, पुस्तकांच्या फळ्या, सगळं भिंतीला जखडलेलं. शेजारच्या घरात तर माशांची पेटीसुद्धा बांधलेली आहे. तेव्हा सवत गेली स्वयंपाकघराकडच्या भिंतीला. किकुओने चार लोखंडी पट्ट्यांनी तिला भिंतीशी घट्ट आवळलं. प्लेअर तिच्यावर चढला. मग त्याने माझ्या अंगावरची चारही नाणी उचलली आणि प्लेअरच्या पायाखाली, तिच्या काचेवर ठेवली. माझे दागिने उतरवून सवतीला घातले हो! आणि वर म्हणाला, "शोभतात हिला."

खांबावर अर्धी चटई टाकून खड्डा झाकला. मला पडवीत नेलं. आणि माझ्या डोक्यावर काय ठेवलं माहीत आहे? मुळ्याच्या लोणच्याचा बुधला. त्यावर दाबायला दगड. ज्या अंगावर गाणं वाजलं, त्या अंगाला लोणच्याचा वास यायला लागला. हिवाळ्यात इथला कोरडा वारा पडवीतून सू-सू करत जायचा आणि माझे सांधे कडकडायचे. दाराच्या फटीतून मला सवतीचा चकचकीत पाय दिसायचा. एवढं एकच दिसायचं, आणि तेच नेमकं डोळ्यांत खुपायचं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पहिल्याच दिवशी आली. बाईचा श्वास नाहीसा झाला होता.

बाई गात होती, शब्द येत होते, पण खालून एक जाडसर, मळकट गूं-गूं सतत वाहत होतं आणि श्वास त्यात बुडत होता. मला कारण कळलं होतं. भिंतीच्या पलीकडे फ्रिज होता. तो दिवसभर थरथरायचा, थरथर भिंतीत जायची, भिंतीतून लोखंडी पट्ट्यांत, पट्ट्यांतून सवतीच्या अंगात आणि तिथून सुईत. शिवाय स्पीकर जोरात वाजले की तीच भिंत हलायची आणि तोही आवाज फिरून सुईकडे यायचा. सवतीला बिचारीला धड उभंच राहू दिलं नव्हतं. पण 'बिचारी' हा शब्द मी आज वापरतेय. तेव्हा मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. म्हटलं, बघू आता किती दिवस मिरवतेस! येईल मालक, उचलेल बुधला, आणि मला सन्मानाने आत नेईल.

तो आला नाही. त्याच्या मनात सवतीविषयी शंकासुद्धा आली नाही. एवढी देखणी, एवढी भक्कम, त्यात लेकीने आणलेली. ती कशी चुकेल? त्याने ठरवलं, चूक आपल्या कानांची.

आधी तो रेकॉर्ड पुसून पुसून लावायचा. मग सुई बदलली. मग घरातल्या लाकडी खांबांवर पेरं ठोकून कान लावायला लागला, कारखान्यात लावायचा तसा. पडवीत येऊन त्याने मलाही ठोकलं. मी जमेल तेवढ्या स्वच्छ आवाजात उत्तर दिलं. त्याने मान हलवली आणि आत गेला. हळूहळू त्याने गाणी लावणंच सोडलं. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप. खोलीतले स्पीकर नुसते उभे.

डिसेंबरात नोझुए आला तेव्हा किकुओ म्हणाला, "नवं वर्ष लागलं की गाडी घेऊन ये. रेकॉर्ड सगळ्या घेऊन जा."

"वेड लागलं का तुला?"

"मला आता तिचा श्वास ऐकू येत नाही. नुसते शब्दच ऐकायचे तर रेडिओ पुरे. माझे कान गेले, नोझुए."

सुमिए दाराशी उभी होती. नवऱ्याचे कान गेले तर त्याचं काय उरतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? ती पडवीत आली, बुधल्यावरचा दगड उगाच सरळ केला आणि तिथेच बसून राहिली. माझ्या टाळ्या त्या दिवशी थांबल्या. सवत हरावी असं मला वाटत होतं. तो हरावा असं कुठे वाटत होतं?

वर्ष संपत आलं. आमच्याकडे तेव्हा घर उलटंपालटं करून झाडतात. चिनात्सुही आली होती. सगळ्या चटया उचलून अंगणात नेल्या. पडवी घासायची म्हणून बुधला उतरवला आणि मला आत आणलं. चटया उचललेल्या खोलीत ठेवायला जागा कुठली? मधला तो सिमेंटचा खांब तेवढा मोकळा. सुमिएने मला त्याच्यावर ठेवलं. अहाहा! पाय पुन्हा जमिनीवर!

सवतीच्या काचा पुसायच्या म्हणून चिनात्सुने प्लेअर उचलला आणि माझ्यावर आणून ठेवला. नाणी तिकडेच राहिली. वायर जेमतेम पोहोचत होती.

"आई, गाणं लावू? नुसतं झाडून कंटाळा येतो."

"लाव. नाहीतरी परवा सगळं नोझुए घेऊन जातील," सुमिए म्हणाली आणि तिने स्वतःच ती रेकॉर्ड काढून दिली.

किकुओ अंगणात काठीने चटया बडवत होता. बाईने श्वास घेतला. काठी हवेतच थांबली. तो तसाच धुळीने माखलेला, हातात काठी घेऊन दारात आला.

"अगं, घरात कोण आलंय?"

"कोण येणार? आम्ही दोघी आहोत."

"नाही, कोणीतरी श्वास घेतला. मी ऐकला."

सुमिएने फडकं खाली टाकलं. तिने बोटाने माझ्याकडे दाखवलं. म्हणजे दाखवलं प्लेअरकडेच, पण खाली मी होते, तेव्हा मी ते माझंच समजते. पुढच्या ओळीआधी बाईने पुन्हा श्वास घेतला. किकुओ उघड्या तक्तपोशीवर मटकन बसला. "कान आहेत गं," तो म्हणाला. "माझे कान आहेत." चिनात्सुला काही कळेना. आईबाप दोघंही डोळे पुसताहेत आणि धुळीमुळे म्हणताहेत, एवढं तिने पाहिलं.

मग शोध लागायला वेळ लागला नाही. प्लेअर सवतीवर ठेवला, श्वास गेला. माझ्यावर ठेवला, श्वास आला. किकुओने भिंतीवर तळहात टेकला आणि ओरडला, "सुमिए, फ्रिज बंद कर!" बंद केला, गूं-गूं निम्मं झालं.

"म्हणजे माझी भेट बिघडलेली?" चिनात्सुचा चेहरा पडला.

"भेट चांगली आहे गं पोरी. आपण तिचे हातपाय बांधून तिला गायला लावलं," किकुओ म्हणाला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पट्ट्या सोडायला निघाला. "हिला मोकळी करून खांबावर ठेवू."

मित्रांनो, आता आली का पंचाईत! मोकळी झाली असती तर सवत माझ्याइतकीच छान उभी राहिली असती. कदाचित माझ्याहून छान. आणि मी परत लोणच्याखाली! मी मनातून ओरडत होते, सोडू नका, बांधूनच ठेवा तिला!

सुमिएने भिंतीला पाठ लावली. "एक स्क्रू जरी काढलात तर मी आजच नागोयाला जाईन, लेकीबरोबर."

"अगं, आवाजासाठी..."

"आवाज ऐकायला डोकं शाबूत लागतं. ती उंच आहे, ती बांधलेलीच राहील. तुमचा प्लेअर ठेवा या बुटकीवर. ही कुठे पडणार? ही तर बसलेलीच आहे."

बुटकी म्हणाली, पण मी सगळं माफ केलं. प्लेअर माझ्याकडे आला. नाणी माझ्याकडे आली. ॲम्प्लिफायर आणि जड जड रेकॉर्ड सवतीकडे गेल्या. नोझुएला फोन गेला, "गाडी आणू नकोस. ऐकायला ये." मी सवतीकडे बघून असं काही मिरवलं म्हणता! म्हटलं, वाहा आता ओझी.

नव्या वर्षाची दोन तारीख होती. दुपारी सूप पिऊन, खालून तापणाऱ्या उबदार टेबलाखाली पाय घालून किकुओ आडवा झाला. डोकं सवतीच्या पायाशी. माझ्यावर रेकॉर्ड फिरत होती. आणि जमीन हलली.

सगळ्यात आधी मला कळलं. पावलांपासून मला वाचवणारा तो खांब थेट जमिनीतला, त्याने सगळा हिसका सरळ माझ्या अंगात आणला. सुई ओरखडा काढत धावली, प्लेअरचं झाकण आपटलं, मी वीतभर सरकले. मला त्याच्यासाठी काहीही करता आलं नाही. मी फक्त बघत होते. सवत वरपासून खालपर्यंत रेकॉर्डनी भरलेली, आणि तिच्याखाली त्याचं डोकं. ती पुढे झुकली. भिंतीतले स्क्रू करकरले. चारी पट्ट्या ताणल्या. आणि तिने धरलं. एका माणसाचं ओझं असेल तेवढ्या रेकॉर्ड तिने छातीशी धरून ठेवल्या. दोन तेवढ्या निसटल्या आणि त्याच्या कानाशेजारी चटईवर पडल्या.

जमीन शांत झाली. सुमिए आणि चिनात्सु स्वयंपाकघरातून धावत आल्या. किकुओ उठून बसला. त्याने आजूबाजूला पाहिलं, वर पाहिलं, आणि त्याला कळलं. त्याने पहिला हात ठेवला तो तिच्यावर.

"धरलंस गं," तो म्हणाला.

मला किती वाईट वाटलं सांगू? मी वीतभर सरकले होते, माझ्या कडेला टवका उडाला होता, आणि हात मिळाला तिला. मग त्याने मला जागेवर आणलं, प्लेअर उचलला आणि खाली नाणी लावायला बसला. तीनच लावली. म्हणाला, "तिपाई कधी डुगडुगत नाही. तीन पुरतात." चौथं नाणं त्याने सवतीच्या सगळ्यात वरच्या काचेवर ठेवलं, आणि हात जोडले.

"देवळात पाच येन टाकता, आणि हिला दहा?" सुमिए म्हणाली. हसत म्हणाली, पण तिचाही हात पट्टीवरून फिरला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी मांडणी असेल तर तिला टाकण्याआधी एकदा तिच्यावर काहीतरी ठेवून ऐका. आणि गाणं बिघडलं तर आधी स्वतःच्या कानांना बोल लावू नका. भिंतीला हात लावून बघा, पायाखाली काय थरथरतंय ते बघा. सगळ्या वस्तू एकाच कामाच्या नसतात. कोणाला मोकळं ठेवावं लागतं, कोणाला बांधून. बांधलेलीच्या जिवावर काय बेततं, ते मोकळीला कळत नाही. मला तरी कळलं नव्हतं.

आता रोज दुपारी गाणं लागतं. बाई श्वास घेते, किकुओ डोळे मिटतो. तो आहे म्हणून हे सगळं आहे, आणि तो कोणामुळे आहे ते मला माहीत आहे. म्हणून मी सवतीला आता काही बोलत नाही. फक्त ऊन फिरून तिच्या डोक्यावर गेलं की ते चौथं नाणं चमकतं. तेवढं मात्र अजून खुपतं हो.